साडेचार मिनिटांचा साप

संपादकांनी फोनवर सांगितलं, नोकरीतल्या गमतीजमती लिहा, सणासुदीला लोकांना हलकं वाचायला बरं वाटतं. मी हो म्हणाले आणि चार दिवस कागद कोराच राहिला. गमती आहेत, नाही असं नाही. पण लिहायला बसले की आधी एक हात डोळ्यांसमोर येतो, आणि त्या हाताबद्दल न बोलता गमती सांगणं मला खोटं वाटतं. तेव्हा दोन्ही सांगते, आणि जड झालं तर संपादकांना दोष द्या.

मी वीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. मग शाळा सोडून साकोलीतल्या एका छोट्या संस्थेत लागले आणि गेल्या वर्षी तिथूनच घरी बसले. काम काय, तर धडे करणं. खेड्यातल्या मुलांनी आणि बायांनी फोनवर पाहायचे छोटे व्हिडिओ, आणि प्रत्येक व्हिडिओसोबत एक छोटासा उद्योग: चित्र काढा, चार ओळी लिहा, अंगणात काहीतरी मांडा आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाका. गावोगावचे शिक्षक ते व्हिडिओ आपापल्या पालकांच्या ग्रुपवर पाठवायचे आणि पोरांची चित्रं आमच्याकडे यायची. माझी सासू शेवटपर्यंत विचारत राहिली, तू ऑफिसात दिवसभर फोन पाहण्याचा पगार घेतेस का म्हणून. ती फारशी चुकत नव्हती.

ऑफिसात आम्ही दोघंच होतो. मी मजकूर लिहायची आणि आवाज द्यायची. नितीन नावाचा हुशार मुलगा, म्हणजे तिशीतला, दोन लेकरांचा बाप, पण मला मुलगाच, तो व्हिडिओ जोडायचा. नितीनला अक्षरं उडवायचा भारी शौक. एक अक्षर डावीकडून यायचं, एक वरून पडायचं, एक गरागरा फिरत येऊन बसायचं, आणि मागून संगीत. मलाही ते आवडायचं, हे कबूल करते. आमचे धडे टीव्हीसारखे दिसतात असं कोणी म्हटलं की आम्ही दोघंही दिवसभर हवेत असायचो.

पहिला इशारा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने दिला होता. धानाचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकायचं, पोचट वर तरंगतं ते काढून टाकायचं, खाली बसलेलं पेरायचं, एवढाच धडा. करडी गावात पंधरावीस जणांना तो दाखवला आणि विचारलं, काय लक्षात राहिलं? मग हे आजोबा म्हणाले, "मॅडम, थो बैल कोनाचा होता जी? शिंगं मस्त हायेत. इकते काय?"

बैल मागे चरत होता. नितीनने शोभेसाठी घेतला होता. आम्ही येताना बसमध्ये हसून हसून बेजार झालो, आणि पुढच्या धड्यात दोन बैल घेतले.

बाहेरच्या माणसाला आमच्या धंद्याचं वर्म सांगायचं तर ते रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, बाईत आहे. तिच्या डाव्या हातात पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, एक पेंडी असते आणि उजव्या हाताने ती चिखलात रोप खोवत जाते. तिच्या हातावर चार पेंड्या ठेवा, वर गाणं म्हणायला सांगा, आणि बाजूला कोणीतरी बांधीवरून पळत जाऊ द्या. रोपं पडणारच. नवीन गोष्ट शिकणाऱ्याच्या डोक्याची तीच गत. एका वेळी मावतं थोडंच. चित्र, आवाज, तेच शब्द पुन्हा पडद्यावर, मागे संगीत, आणि वर आमचा उद्योग. प्रत्येकाला थोडी थोडी जागा लागते, आणि कामाच्या गोष्टीला उरते ती उरलीसुरली. हे मला प्रशिक्षणात सांगितलं होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं. वही कपाटात होती.

सापाचा धडा आम्ही पावसाळ्याच्या तोंडावर केला. आमच्याकडे तो करावाच लागतो. रोवणीत, तलावाच्या काठाला, तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाशी, कुठेही परड निघते. परड म्हणजे घोणस. सांगायच्या होत्या चारच गोष्टी: हातातल्या बांगड्या-अंगठ्या काढा, चावलेला हात हलवू नका, काही बांधू-कापू नका, सरळ दवाखान्यात न्या. धडा झाला साडेचार मिनिटांचा. त्यात साप सळसळत येतो, फणा नसलेला आणि फणा असलेला यातला फरक येतो, सापाबद्दलच्या गैरसमजांचा एक पूर्ण मिनिट येतो. आणि लोक काय चुका करतात ते दाखवायला एक माणूस येतो. तो चावलेल्या हाताला दोरी आवळून बांधतो. मग एकेक शब्द उडत येतो, असे, करू, नका, आणि शेवटी धाडकन लाल फुली पडते. ती फुली पडताना नितीनने ढोलाचा ठोका टाकला होता. आम्हाला तो फार आवडला होता.

आणि उद्योग माझा. माझ्या डोक्यातून निघालेला. व्हिडिओ बघता बघता साप रंगवा आणि फोटो पाठवा.

मोहाडी तालुक्यातल्या एका तलावाकाठच्या गावातून प्राची नावाच्या मुलीचं चित्र आलं. सातवीत होती. बाप तलावात मासे धरणारा, आई सुनंदाबाई जाळी विणायची आणि रोवणीच्या दिवसांत मजुरीला जायची. त्या पोरीने परड काढली होती ती अशी की पाठीवरच्या साखळीतला एकेक ठिपका जागच्या जागी. मी ते चित्र सगळ्या ग्रुपवर टाकलं. तीन फुलं टाकली आणि लिहिलं, शाब्बास प्राची.

अडीच आठवड्यांनी तिच्या शाळेतल्या शेंडे सरांचा फोन आला. दुपारची वेळ होती, मी डबा उघडला होता. सर म्हणाले, "मॅडम, सुनंदाबाईले परड चावली काल. जाळं वाळू घालायले काठावर गेल्ती. पोरगी एकटीच होती संगं. भंडाऱ्याले नेलं आहे."

मी विचारलं, बरी आहे ना?

"जीव वाचला म्हनतात. पन हाताचं काही खरं नाई. पोरीनं तंगूस बांधली होती न मनगटाले, जाळ्याची. लय कसून बांधली. दवाखान्यात कापून काढली म्हनतात."

तंगूस म्हणजे जाळ्याची नायलॉनची दोरी. मी फोन ठेवला. डबा तसाच राहिला. मी कॉम्प्युटरवर आमचा धडा लावला आणि घड्याळ घेऊन बसले. दोरी बांधली जाते तिथपासून लाल फुली पडेपर्यंत बारा सेकंद. बारा सेकंद पडद्यावर एक माणूस अगदी नीट, जवळून, कशी बांधायची ते दाखवत होता. आणि त्या बारा सेकंदांत माझ्याच सांगण्यावरून ती पोरगी खाली मान घालून ठिपके रंगवत होती.

नितीनला दाखवलं. त्याने ते पुन्हा मागे नेऊन पाहिलं. मग म्हणाला, "पन मॅडम, फुली होती न जी. आपण तं सांगतलं होतं, बांधू नोका म्हनून."

मी त्या वाक्याच्या आडोशाला बरेच दिवस बसले. आपण तर सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. पहिलं काम मी केलं ते ग्रुपवरून धडा काढून टाकण्याचं, आणि त्याच्याबरोबर प्राचीच्या चित्राचंही. सगळ्या सरांना लिहिलं, तांत्रिक कारणामुळे हा धडा थांबवला आहे. तांत्रिक. तो शब्द आठवला की आजही माझे कान तापतात.

सुनंदाबाई घरी आल्या. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं काढावी लागली होती. विषाने किती नुकसान झालं आणि दोरीने किती, हे डॉक्टरांनाही नेमकं सांगता आलं नाही, असं शेंडे सर म्हणाले. मला वाटलं होतं त्या अनिश्चिततेने थोडं हलकं वाटेल. उलट झालं. रोज सकाळी मी मनात नवा हिशेब मांडायची आणि संध्याकाळपर्यंत तो माझ्या अंगावर यायचा. जेवताना नवऱ्याने काही विचारलं की दोनदा विचारावं लागायचं. जायचं, जायचं म्हणत दीड महिना गेला. भीती कशाची होती? ते ओरडतील ही नव्हती. त्यांना माहीतच नसेल आणि ते मला चहा देतील, ही होती.

शेवटी गेले. तसंच झालं. सुनंदाबाई पडवीत बसून उरलेल्या तीन बोटांनी जाळ्याची गाठ मारायला शिकत होत्या. मला पाहून उठल्या, चहा ठेवायला आत जायला लागल्या. मी म्हटलं, बसा, चहा नको. प्राची आतून आली नाही.

"येत नाई जी थे कोनासमोर," सुनंदाबाई म्हणाल्या. "चित्रं काढनं सोडलं. रंगाची पेटी शेजारच्या पारूच्या पोरीले देऊन टाकली. मले म्हनते, माये, तुह्या हाताचं माह्यानं झालं. मी म्हनतो, अवो, तूच तं वाचवलं मले, गाडी तूच बोलावली. आयकतच नाई."

मी विचारलं, दोरी बांधायचं तिला कोणी सांगितलं, म्हणाली का काही?

"नाई. लोकं बांधतातच न. पायलं असन कोठी."

म्हणजे पोरीने सांगितलं नव्हतं. दीड महिना तिने माझं नाव घेतलं नव्हतं. आणि त्या क्षणी मला स्वच्छ कळलं की मी आता चहा पिऊन, पाचशे रुपयांचं फळ-बिस्कीट ठेवून, परत जाऊ शकते. कोणालाही कधीही कळणार नाही. फक्त ती तेरा वर्षांची पोर ते आयुष्यभर वाहील.

मी सांगितलं. सगळं, फुलीपर्यंतचे बारा सेकंद, ठिपके, शाब्बास. सांगताना आवाज वर गेला, कारण मला ते आत ऐकू जायला हवं होतं.

सुनंदाबाईंनी जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "हे तुमी फोनात काहून नाई सांगतलं? दीड महिना झाला, पोरगी नीट जेवून नाई राहिली."



दारात प्राची येऊन उभी होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पन तुमीच तं शाब्बास म्हनलं होतं."

मी म्हटलं, हो. चित्राला म्हटलं होतं. तुला काय समजलं ते मी विचारलंच नाही. ते विचारणं माझं काम होतं.

मग मी ते तेव्हा विचारलं, फार उशिरा. व्हिडिओतलं काय आठवतं? ती भिंतीकडे पाहत म्हणाली, "थो मानूस दोरी बांधते. आन् ढोल वाजते. बाकी मी ठिपके पाहून राहिली होती. ठिपके समजावे म्हनून व्हिडिओ मांगं करून करून पायला, पन सापापर्यंतच."

माझ्या नोकरीतलं सर्वात मोलाचं प्रशिक्षण मला त्या पडवीत मिळालं, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली होती.

नवा धडा करताना नितीन दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी संगीत काढलं, उडणारी अक्षरं काढली, गैरसमजांचा मिनिट काढला, साप काढला. "मॅडम, सापाच्या धड्यात साप नाई?" त्याने विचारलं. मी म्हटलं, चावल्यावर काय करायचं हा धडा आहे, साप तोवर निघून गेलेला असतो. दोरी बांधणारा माणूस तर गेलाच. उरली चार स्थिर चित्रं आणि एक आवाज. पडद्यावर एक अक्षर नाही, कारण तेच शब्द मी बोलत होते. सव्वा मिनिट.

नितीन म्हणाला, हे कोणी बघणार नाही. मलाही तीच भीती होती. झगमग नसेल तर बघत नाहीत, असली तर कळत नाही. या दोन्हींच्या मधली वाट कुठे आहे, हे मला नोकरी संपेपर्यंत पुरतं सापडलं नाही.

तपासायला कोणाकडे जायचं? मी पुन्हा सुनंदाबाईंकडे गेले. त्यांना वाचता येत नाही, आणि आमच्या धड्यावर विश्वास ठेवायचं त्यांना काही कारण नव्हतं. त्यांनी एकदा पाहिलं. मी फोन पालथा ठेवला आणि म्हटलं, आता तुम्ही मला सांगा.

"हात हालवाचा नाई. गाडी करून दवाखान्यात जाचं. बांधाचं नाई, कापाचं नाई." थांबल्या. "अजून काई होतं. निसटलं."

बांगड्या निसटल्या होत्या. मी बांगड्या आणि हात हलवू नका हे एकाच दमात, एकाच चित्रावर बोलले होते. दोन्ही वेगळे केले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, तेव्हा चारही आले. मग त्या म्हणाल्या, "मॅडम, बांधू नोका असं नुसतं बोलून राहिले. माहा हात दाखवा न. पाहतीन तं घाबरतीन."

मी नाही म्हटलं. तो हात एकदा पाहिला की बाकीचं कोणाला काही दिसणार नाही. लोक हात आठवतील आणि बांगड्या विसरतील. हे त्यांना सांगणं जड होतं, पण त्यांनी मान हलवली. "हाव. थो बैलावानी होईन," म्हणाल्या. बैलाची गोष्ट शेंडे सरांनी गावभर केली होती.

उद्योगही बदलला. व्हिडिओ संपू द्यायचा. फोन पालथा ठेवायचा. मग पाटीवर, वहीत, अंगणात विटकरीने, जिथे जमेल तिथे चार चौकटी आखायच्या आणि कोणाला साप चावला तर तुम्ही काय कराल ते आठवून काढायचं. रंग नाही. सुंदर चित्राला फूल नाही. नवीन ॲप नाही, कारण एकदा तो प्रयोग करून पाहिला तर मास्तर लोक दोन दिवस पासवर्डच शोधत होते. काढायला लागलं की पोर थांबतं, डोकं खाजवतं, आठवतं, जोडतं. आणि डोक्यात चुकीचं बसलं असेल तर ते कागदावर येतं, चावण्याच्या आधी येतं.

पहिल्याच दिवशी सात चित्रांत दोरी आली. धड्यात दोरीचं चित्र कुठेच नव्हतं, ती घराघरातून आली होती. एक आंबागडकडच्या मुलाचं होतं. दोरी अशी काढलेली की पेन्सिलीने कागद फाटला होता. त्याच्या शिक्षकांना फोन लावला, लागेना. त्या बाजूला रेंज जाते-येते हे मला माहीत होतं, पण दुपारी आभाळ भरून आलं, शेतात निंदणी चालू होती, आणि मला त्या पोराच्या घरातलं प्रत्येक माणूस चिखलात पाय टाकताना दिसायला लागलं. दिवसभरात एकवीस वेळा फोन लावला. संध्याकाळी सरांचा आवाज आला, "मॅडम, काही झालं काय जी?" मी म्हटलं, अजून झालं नाही, म्हणूनच फोन करते आहे. ते दुसऱ्या दिवशी त्या घरी गेले. पोराचा आजाच दोरी बांधायला सांगत होता. आज्यालाही चार चौकटी काढायला लावल्या.

तेव्हापासून दर पावसाळ्याचे चार महिने मी चित्रांमध्ये फक्त मनगटं पाहत आले. शेकड्यांनी मनगटं. घर, झाड, सूर्य, गाडी, काही दिसत नाही, बोटाने मोठं करायचं आणि मनगटावर रेघ आहे का पाहायचं. निवृत्त झाले तरी सवय जात नाही. परवा नातीने काढलेल्या राजकन्येच्या हातात बांगडी होती, मी ती काढ म्हणाले.

प्राचीकडून दोन पावसाळे काहीच आलं नाही. सुनंदाबाई अधूनमधून फोन करायच्या, पोरगी नववीत गेली, जेवते आता, बोलते, पण पेन्सिल धरत नाही म्हणायच्या. मी विचारायचं सोडलं. तगादा लावायचा मला अधिकार नव्हता.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात ग्रुप नितीनच्या हवाली करत होते, तेव्हा सुनंदाबाईंच्या नंबरवरून एक फोटो आला. वहीचं पान, चार चौकटी, साधी पेन्सिल. मी फोटो बोटाने मोठा केला. पहिल्या चौकटीत हात, आणि शेजारी बांगड्या काढून ठेवलेल्या. दुसरीत हात मांडीवर, स्वस्थ. तिसरीत तो हात तसाच, मोकळा, आणि बाजूला जाळं पडलेलं, त्याची तंगूस जाळ्यातच. चौथीत गाडी दवाखान्याच्या दारात, आणि खिडकीत हात.

मनगटं पाहिली. चारही स्वच्छ होती. मग मी बोटं मोजली. चारही चौकटींत पाच पाच होती.

मी शाब्बास लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. नितीन पाहत होता. शेवटी मी एवढंच पाठवलं, सगळं बरोबर आहे, प्राची.

थोड्या वेळाने खाली एक ओळ आली. "मॅडम, आता रंगवू काय?"

आमच्या नियमात रंग बसत नव्हता. मी हो लिहिलं.